अनोळखी माणसांसोबत रचलेली गोष्ट : माझे पहिले जेन कॉन

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात दर उन्हाळ्यात चार दिवस ‘जेन कॉन’ नावाचे संमेलन भरते. टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांचा उत्तर अमेरिकेतील हा सर्वांत मोठा मेळावा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मी तिथे पहिल्यांदा गेले. त्या वर्षी तिथे ७१ हजारांहून अधिक लोक आले होते आणि शहराच्या मध्यभागातील हॉटेले, पदपथ, उपाहारगृहे अशा सगळ्या जागा गळ्यात बिल्ला अडकवलेल्या माणसांनी भरून गेल्या होत्या. मला मात्र लिहायचे आहे ते गर्दीबद्दल नव्हे, तर कधीही न भेटलेल्या पाचसहा माणसांनी एका टेबलाशी बसून चार तासांत एक संपूर्ण गोष्ट कशी रचली, याबद्दल. ‘रोल-प्लेइंग गेम’ या खेळप्रकाराचे खरे सामर्थ्य मला तिथेच उमगले.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोल-प्लेइंग गेममध्ये साधारणपणे चार ते सहा खेळाडू आणि एक गेम मास्टर असतो. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि ते पात्र काय करते, काय बोलते हे तोंडाने सांगतो. बाकीचे सगळे जग, म्हणजे हवामान, वाटेत भेटणारी माणसे, शत्रू, बंद दारामागे दडलेले रहस्य, हे गेम मास्टर सांभाळतो. एखादी कृती साधेल की फसेल अशी शंका असेल तिथे फासे टाकले जातात. मी मूळची कुडाळ तालुक्यातली असल्यामुळे मला हा खेळ समजला तो दशावतार या आमच्याकडच्या लोकनाट्याच्या आधाराने. दशावतारी नाटकात आख्यान ठरलेले असते, कोण राजा आणि कोण राक्षस हेही ठरलेले असते, परंतु लिखित संहिता नसते. संवाद नटांनी तिथल्या तिथे रचायचे असतात आणि समोरच्याने टाकलेला शब्द उचलून पुढे न्यायचा असतो. रोल-प्लेइंग गेममध्ये मात्र प्रेक्षक नसतात आणि शेवट कुणालाच, अगदी गेम मास्टरलाही, ठाऊक नसतो.

आमचा गट २०२० च्या टाळेबंदीत जमला. कुणी पुण्यात, कुणी टोरांटोत, मी शिकागोच्या उपनगरात, आणि आम्ही संगणकावर एकमेकांना पाहत मराठीतून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग गेम खेळत आलो आहोत. ही सगळी महाविद्यालयापासूनची मैत्री आहे. कोण कधी गप्प होतो, कोणाला भांडणाचे प्रसंग आवडत नाहीत, कोणत्या विनोदावर कोण हसेल, हे आम्हाला पाठ आहे. त्यामुळे आमच्या खेळातील रंगत खेळामुळे येते की जुन्या मैत्रीमुळे, हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस होता. मैत्री बाजूला काढली तर काय उरते, हे पाहायचे तर अनोळखी लोकांच्या टेबलावर बसायला हवे होते आणि त्यासाठी जेन कॉनइतकी योग्य जागा दुसरी नव्हती, कारण या खेळाच्या जन्मकथेतच हे संमेलन आहे.

तो इतिहास मला फार मोलाचा वाटतो. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स यांनी १९६८ मध्ये तिथले हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेऊन युद्धखेळांच्या शौकिनांना एकत्र बोलावले. त्या काळी हे खेळ म्हणजे नकाशे, शिशाचे सैनिक आणि इतिहासातील लढायांची पुनर्रचना. पुढच्याच वर्षीच्या संमेलनात गायगॅक्स यांची डेव्ह आर्नेसन यांच्याशी गाठ पडली. आर्नेसन मिनेसोटाचे होते आणि त्यांच्याच वर्तुळातील डेव्हिड वेझली यांनी एक वेगळा प्रयोग करून पाहिला होता : फौजेच्या तुकड्या खेळाडूंच्या हाती देण्याऐवजी त्यांनी एका काल्पनिक गावातील नगराध्यक्ष, बँकर, कुलगुरू अशा व्यक्तींच्या भूमिका वाटून दिल्या आणि प्रत्येकाला आपापला हेतू दिला. एक खेळाडू, एक माणूस, हा विचार तिथून आर्नेसन यांच्या खेळात आला आणि गायगॅक्स व आर्नेसन यांनी मिळून जानेवारी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या दोन व्यक्तींच्या नावावर हा खेळ आहे, त्यांची ओळखही संमेलनातच झालेली. पुढे जेन कॉन मिलवॉकीला गेले आणि २००३ पासून ते इंडियानापोलिसमध्ये भरते. मी गेले ते वर्ष डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पन्नाशीचे होते आणि खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकाची जी नवी आवृत्ती सप्टेंबरमध्ये सर्वत्र यायची होती, ती तिथे आधीच विकत मिळत होती. त्यासाठी मोठी रांग होती. मी रांगेत थांबले नाही, कारण माझ्या पहिल्या खेळाची वेळ झाली होती.

नव्याने जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. संमेलनाचा बिल्ला विकत घेतला म्हणजे खेळायला जागा मिळाली असे होत नाही. प्रत्येक खेळाला वेगळे तिकीट असते, त्यावर वार, वेळ, इमारत, खोली आणि टेबल क्रमांक असतो, आणि ही नोंदणी मे महिन्यातील एका रविवारी दुपारी सुरू होते. त्याआधी संकेतस्थळावरील हजारो खेळांच्या यादीतून आपली पसंती क्रमाने लावून ठेवायची असते; ठरलेल्या क्षणी सगळ्यांच्या याद्या रांगेत लागतात आणि आपला क्रमांक कितवा येईल हे नशिबावर असते. मला हव्या असलेल्या खेळांपैकी निम्मे हुकले. परंतु याला एक चांगली पळवाट आहे. कोणत्याही टेबलावर तिकीट काढलेला खेळाडू आला नाही, तर साधी, कोणत्याही खेळाला चालणारी तिकिटे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती जागा मिळते, आणि माझा सर्वांत संस्मरणीय खेळ मला असाच, दाराशी उभे राहून मिळाला. शिकागोकडून गाडीने येणाऱ्यांनी घड्याळ एक तास पुढे करायचे लक्षात ठेवावे. वाट तीन तासांची असली तरी पोहोचेपर्यंत चार तास सरलेले असतात.

प्रदर्शनाचा मुख्य हॉल भव्य आहे. प्रकाशकांची दालने, काचेसारख्या पारदर्शक फाशांचे ढीग, हाताने रंगवलेल्या चिमुकल्या मूर्ती, चामड्याच्या वेष्टनातील वह्या हे सगळे पाहायला हवे, पण अर्धा दिवस पुरेसा आहे. शेजारी ल्यूकस ऑइल स्टेडियम आहे, जिथे एरवी अमेरिकन फुटबॉलचे सामने होतात. त्या मैदानावर टेबलांच्या रांगा मांडून लोक शांतपणे खेळत असलेले पाहून मला मनापासून आनंद झाला. जुन्या खेळांचा लिलावही चालतो आणि तिथे एखाद्या जीर्ण पुस्तिकेसाठी लागणारी बोली ऐकताना या छंदाची मुळे किती खोल गेली आहेत याची कल्पना येते.

माझा पहिला खेळ युनियन स्टेशनच्या जुन्या इमारतीतील हॉटेलात होता. ही एकोणिसाव्या शतकातील रेल्वे स्थानकाची इमारत असून हॉटेलच्या काही खोल्या खऱ्याखुऱ्या रेल्वेच्या डब्यांमध्ये आहेत. खेळ होता कॉल ऑफ थुलू, म्हणजे १९८१ मध्ये आलेला भयरहस्याचा खेळ, ज्यात आपण सामान्य माणसे असतो आणि समोरचे संकट आपल्या आवाक्याबाहेरचे असते. इथे गेम मास्टरला कीपर म्हणतात. प्रत्येक कौशल्याची टक्केवारी ठरलेली असते आणि दहा बाजूंचे दोन फासे टाकून त्या टक्केवारीइतका किंवा त्याहून कमी आकडा आला, तर काम साधते. शरीराच्या दुखापतीबरोबर मनाचा तोलही गुणांमध्ये मोजला जातो आणि खेळ पुढे सरकतो तसा तो ढळत जातो.

मी त्या दिवशी खेळापेक्षा कीपरकडे अधिक पाहत होते. साठीच्या घरातील ते गृहस्थ आम्ही बसण्यापूर्वीच तयार होते. त्यांनी आधीच रचलेली सहा पात्रे टेबलावर पालथी ठेवली होती. प्रत्येक पात्रासाठी त्यांनी जाड कागदाची घडी घालून नावाची पाटी केली होती, जिच्या आतल्या बाजूला खेळाडूला दिसेल असा त्या पात्राचा स्वभाव दोन ओळींत लिहिला होता आणि बाहेरच्या बाजूला इतरांना दिसेल असे नाव होते. त्यामुळे सहा अनोळखी माणसे पहिल्या पाच मिनिटांतच एकमेकांना पात्रांच्या नावाने हाक मारू लागली. हॉलमध्ये शेजारी पंधरावीस टेबले चालू असल्यामुळे गोंगाट होता, तरी त्यांनी आवाज चढवला नाही. उलट भीतीच्या प्रसंगी ते आवाज इतका खाली नेत की आम्ही सगळे आपोआप पुढे झुकत असू. कुणी बराच वेळ बोलले नाही, तर ते त्या व्यक्तीला थेट प्रश्न विचारत, आणि तो असा असे की एका वाक्यात उत्तर देता यावे : “डॉक्टर, खोलीत शिरताच तुम्हाला कसला वास येतो?” मेजाच्या कडेला त्यांचे घड्याळ होते. पावणेचार तासांनी गोष्ट शिगेला पोहोचली आणि चार तासांनी संपली. आमच्या घरगुती खेळात एक मोहीम दोन वर्षे चालते. चार तासांत आरंभ, मध्य आणि शेवट गाठण्याचे हे कौशल्य मी प्रथमच पाहत होते. ही माणसे बहुतेक हौशी असतात आणि आपल्या सुट्टीचे दिवस इतरांना खेळवण्यात घालवतात, याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे.

सगळीच टेबले अशी नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या एका खेळात एका खेळाडूने प्रत्येक निर्णय आपल्याकडे ओढला आणि खेळवणाऱ्या तरुणाला ते आवरता आले नाही. नियम, पात्रे, फासे सगळे यथास्थित असूनही तिथे गोष्ट उभी राहिली नाही, कारण कुणी कुणाचे ऐकतच नव्हते. आमच्या गटात असे घडले असते तर कुणीतरी त्याला हक्काने गप्प केले असते. अनोळखी टेबलावर तो हक्क नसतो, म्हणून तिथे शिष्टाचार आधी ठरवून घ्यावे लागतात.

याच कारणासाठी अनेक टेबलांच्या मध्यभागी एक कार्ड ठेवलेले असते, ज्यावर ठळक फुली असते. खेळात आलेला एखादा प्रसंग कुणालाही सहन होईनासा झाला, तर त्याने ते कार्ड उचलायचे किंवा त्यावर बोट ठेवायचे. तो प्रसंग तत्काळ गाळला जातो आणि कारण विचारले जात नाही. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी रूढ केलेली ही पद्धत आज सर्वत्र दिसते. यामुळे खेळ मिळमिळीत होतो असे म्हणणारे लोक आहेत, पण मला अगदी उलट अनुभव आला. थांबवण्याची सोय आहे हे ठाऊक असल्यामुळे माणसे अधिक धीटपणे खोल पाण्यात उतरत होती.

आता ज्या खेळासाठी मी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येते. त्याचे नाव ड्रेड. यात फासे नाहीत. टेबलाच्या मध्यभागी जेंगाचा मनोरा असतो, म्हणजे ५४ लाकडी ठोकळ्यांची रचना. आपल्या पात्राला काही धोक्याचे करायचे असेल, तर मनोऱ्यातून एक ठोकळा काढून तो वर ठेवायचा. मनोरा उभा राहिला तर कृती साधली. कोसळला तर ज्याच्या हातून कोसळला त्याचे पात्र गोष्टीतून कायमचे गेले. ठोकळा ओढायला नकार देता येतो, पण मग अपयश पत्करावे लागते. आणखी एक नियम आहे : खेळाडूने आपल्या हाताने, ठरवून मनोरा पाडला, तर पात्र जाते, परंतु जाता जाता हाती घेतलेले काम नक्की पूर्ण करते.

खेळवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. गोष्ट लेक सुपीरिअर या विशाल सरोवरावरील एका जुन्या मालवाहू बोटीची होती. नोव्हेंबर महिना, वादळ, आणि तळाच्या कोठीत काहीतरी जिवंत. या खेळात पात्राचे आकडे नसतात. प्रश्नावली मिळते आणि आपण उत्तरे लिहीत जातो तसे पात्र घडत जाते. मला बोटीवरील स्वयंपाकीणबाईची भूमिका मिळाली. एक प्रश्न असा होता : “आजीने दिलेली कोणती वस्तू तू कायम जवळ बाळगतेस?” मी क्षणभरही विचार न करता ‘अडकित्ता’ असे लिहिले. बाईंनी तो शब्द दोनदा विचारून नीट म्हणून पाहिला आणि मग टेबलावरच्या सगळ्यांना मी सांगितले की ही सुपारी कातरण्याची पितळी कात्री आमच्या घरी पानाच्या डब्यात असे आणि माझ्या आजीच्या हातात ती बोलता बोलता चालत असे. माझ्यासमोर केंटकीहून आलेला एक मध्यमवयीन माणूस होता. त्याला यंत्रचालकाचे पात्र मिळाले होते. त्याने प्रश्नावली लिहायला सगळ्यांहून जास्त वेळ घेतला आणि नंतर पहिले दोन तास तो जेमतेम चार वाक्ये बोलला.

तिसऱ्या तासाच्या अखेरीस बोटीचा पंखा दोरखंडात अडकला. किनारा दिसत होता आणि तळाच्या कोठीचे दार आतून वाकत चालले होते. तोवर मनोरा इतका पोकळ झाला होता की कुणी टेबलाला कोपर टेकले तरी बाकीचे श्वास धरत होते. कुणीतरी पाण्यात उतरून दोर कापायला हवा होता. आम्ही पाचही जण मनोऱ्याकडे पाहत असताना तो माणूस माझ्याकडे वळला आणि माझ्या पात्राचे नाव घेऊन म्हणाला, “तुझ्या आजीचा अडकित्ता दे.” त्याने तो शब्द अचूक उच्चारला. मी रिकामा हात पुढे केला, त्याने रिकाम्या हातानेच तो घेतला. मग त्याने आपली प्रश्नावली उलटी करून टेबलावर सरकवली. ‘तू सहकाऱ्यांपासून काय लपवले आहेस?’ या प्रश्नाखाली त्याने लिहिले होते, ‘मला पोहता येत नाही.’ आम्ही ते वाचत असतानाच त्याने तळहाताने मनोरा पाडला.

ठोकळे जमिनीवर घरंगळले तेव्हा शेजारच्या टेबलांवरील माणसे टाळ्या वाजवू लागली, कारण त्या आवाजाचा अर्थ तिथे सगळ्यांना ठाऊक असतो. बाईंनी दोन वाक्यांत दोर तुटल्याचे आणि बोट हलल्याचे सांगितले. त्या माणसाला ही कल्पना सुरुवातीपासून नव्हती. त्याने मला खेळ संपल्यावर सांगितले की अडकित्त्याचे वर्णन ऐकताना ही वस्तू कशासाठी तरी लागणार असे त्याला वाटत राहिले. तो दोन तास गप्प होता, पण ऐकत होता. माझ्या आजीची एक वस्तू, जी मी सहज लिहून टाकली होती, तिला एका परक्या माणसाने सांभाळून ठेवले आणि नेमक्या जागी वापरले. आमच्या गटाच्या खेळाविषयीचा माझा प्रश्न तिथे सुटला. जुनी मैत्री असली तर खेळ सोपा होतो हे खरे, पण रंगत येते ती एकाने टाकलेला धागा दुसऱ्याने उचलल्यामुळे, आणि ते करायला चार तासांची ओळख पुरते.

त्या रात्री बाहेर खाद्यपदार्थांच्या गाड्यांपाशी उभी राहून मी घरी फोनवर हे सगळे सांगत होते, तेव्हा मागून आवाज आला, “काकू, तुम्ही मराठी ना?” तो नागपूरचा मुलगा होता, तिथून जवळच वेस्ट लाफियेतला पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा. आम्ही तासभर बोललो. चार दिवसांत मला भारतीय चेहरे दिसले, पण कमी, आणि खेळवणाऱ्याच्या खुर्चीवर तर अगदीच थोडे. मी त्याला म्हटले की आम्ही घरी मराठीतून खेळतो, तर तो म्हणाला, “मग काकू, इथे तुम्हीच एखादा खेळ का चालवत नाही? गोष्ट आपली ठेवा, भाषा इंग्रजी राहू द्या.” सूचना रास्त होती. जेन कॉनमधील असंख्य खेळ कंपन्या नव्हे, तर साधे सदस्य चालवतात. आधी अर्ज भरून खेळाचे नाव, नियमपद्धती, खेळाडूंची संख्या आणि हवी ती वेळ कळवायची असते.

तेव्हापासून मी एका गोष्टीवर काम करते आहे. नियम ड्रेडचेच राहतील. स्थळ आमच्याकडचे आहे : कार्तिकातील जत्रा, रात्रीचा दशावतार संपलेला, आणि पहाटेपूर्वी पुढच्या गावी पोहोचायचे असलेली नाटक मंडळी घाटाखालच्या रस्त्यावर टेम्पोसह अडकलेली. सहा पात्रे आहेत : संकासुर राक्षस करणारा नट, स्त्रीभूमिका करणारा स्त्रीपार्टी, पेटीवाला, मृदंगवाला, टेम्पोचा चालक आणि मंडळीत नुकताच आलेला एक पोरगा. प्रश्नावल्या लिहिणे हे यातले सर्वांत अवघड काम निघाले, कारण प्रश्न असा हवा की ओहायो किंवा केंटकीच्या माणसालाही त्याचे उत्तर स्वतःच्या आयुष्यातून देता यावे आणि तरी ते उत्तर त्या टेम्पोत बसावे. पेटीवाल्यासाठी लिहिलेला ‘कोणत्या गावात तू पुन्हा पाऊल ठेवणार नाहीस?’ हा प्रश्न मला जमल्यासारखा वाटतो. संकासुराच्या प्रश्नांवर अजून काम बाकी आहे. पुण्यातील मित्रांना पुढच्या शनिवारी ते देऊन पाहणार आहे.